डिस्पोजलची बीएसए आणि न जुळणारे दोन आकडे

माझ्याकडे एक जुनी मोटरसायकल आहे. बीएसए एम-२०, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी. तिच्या अंगावर दोन ठिकाणी आकडे ठोकलेले आहेत. एक फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर, डाव्या अंगाला, पेट्रोलच्या टाकीखाली. दुसरा इंजिनावर, डाव्याच बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी. दोन्हींच्या आधी 'डब्ल्यूएम-२०' अशी अक्षरे आहेत. पण पुढचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्यात काही हजारांचे अंतर आहे.

तीन वर्षांपूर्वी एका मेळाव्यात ही गाडी मी पहिल्यांदा लोकांसमोर उभी केली. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी खाली वाकून दोन्ही आकडे वाचले आणि शेजारच्याला म्हणाले, "जोडगाडी आहे. इंजिन एकीचं, सांगाडा दुसरीचा." त्यांच्यावर मला रागावता येईना. कारण त्याच्या बारा वर्षे आधी, अगदी याच शब्दांत, मी स्वतः दुसऱ्या एकाच्या गाडीचा निकाल लावला होता.

तो प्रसंग सिन्नर तालुक्यातल्या एका गावातला. त्या गृहस्थांचे आजोबा सैन्यात होते आणि युद्ध संपल्यावर त्यांनी 'डिस्पोजल'मधून एम-२० विकत घेतली होती. नातवाने ती जपून ठेवलेली. मला जुन्या गाड्यांतले कळते असे कुणीतरी त्यांना सांगितले म्हणून मला बोलावणे आले. मी पेशाने हिशेबनीस. दोन रकाने दिसले की त्यांचा ताळा जुळला पाहिजे, ही सवय हाडात मुरलेली. चहा होण्याआधीच मी सांगून टाकले, "ही मूळ गाडी नाही. इंजिन बदललेलं आहे." त्यांचा चेहरा उतरला, एवढे मला आठवते. पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगतो.

माझी गाडी मिळाली भगूरजवळच्या एका मळ्यात. गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याखाली. घरातल्या आजी म्हणाल्या, "घेऊन जा बाबा, कोंबड्या अंडी घालतात तिच्यावर." पुढचा गर्डर फोर्क गायब होता आणि त्याजागी कुठल्यातरी बुलेटचा टेलिस्कोपिक फोर्क बसवलेला. मॅग्नेटो नव्हता. कार्ब्युरेटरच्या तोंडात चिंधी कोंबलेली. फ्रेम डावीकडे झुकल्यासारखी दिसत होती. पण तेव्हा मला वाटले, स्टँड वाकडा असेल.

ही गाडी मुळात काय होती ते आधी सांगायला हवे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी स्थापन केलेली ही कंपनी, म्हणूनच तिच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली दिसतात. मोटरसायकली तिने १९१०च्या सुमारास काढायला सुरुवात केली. व्हॅल पेज या अभियंत्याने आखलेली 'एम' मालिका १९३७ सालच्या गाड्यांत आली. एम-२० त्यातलीच: ४९६ सी.सी., सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ९४ मिलिमीटर, साइड व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा सिलिंडरच्या बाजूला. ताकद अवघी १३ अश्वशक्ती. वजन १६७ किलो. मागे सस्पेन्शन नाहीच. खड्डा आला की थेट पाठीच्या कण्याला कळतो. संपीडनाचे प्रमाण ४.९ला १ इतके कमी की हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ती कुरकुर न करता चाले. वेगाची हौस असणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. पण लष्कराला वेग नको होता. चिखलात, वाळूत, अर्धवट शिकलेल्या स्वाराच्या हातात मरत नाही अशी गाडी त्यांना हवी होती.

युद्धकाळात या प्रकारच्या सुमारे १,२६,००० गाड्या बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातल्या कारखान्यातून बाहेर पडल्या. १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री याच कारखान्यावर जर्मन बाँब पडले. ५३ कामगार ठार झाले. ती माणसे रायफलींच्या विभागातली होती, मोटरसायकलींच्या नव्हे. पण माझ्या गाडीचा सांगाडा त्यानंतर दोनेक वर्षांनी त्याच आवारात जोडला गेला, हे कळल्यापासून त्यावर पॉलिश पेपर घासताना माझा हात जरा सावकाश चालतो.

युद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानात लष्करी सामानाचे डोंगर पडलेले होते. ट्रक, जीप, तंबू, पाण्याच्या बाटल्या, बूट आणि मोटरसायकली. सरकारने ते विकायला काढले आणि 'डिस्पोजल' हा शब्द मराठीत कायमचा येऊन बसला. आमच्या वडिलांच्या पिढीत डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची घोंगडी, डिस्पोजलची पेटी अशा वस्तू घरोघर होत्या. देवळाली ही तर ब्रिटिश सैनिकांची मोठी छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत शिपाई तिथे महिनोन्‌महिने पडून राहत, कंटाळून वेडेपिसे होत, आणि त्यावरूनच डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणू लागले. अशा छावणीच्या आसपास बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, एरियल या गाड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या यात नवल नाही. पन्नाशीच्या दशकात नवी गाडी मिळणे दुर्मीळ आणि महाग. डिस्पोजलची गाडी घेणारा माणूस श्रीमंत असेच असे नाही. बहुतेकदा तो पाना चालवता येणारा माणूस असे.

गाडी पूर्ण उकलायला मला चार महिने लागले. रंग काढताना मी सँडब्लास्टिंग केले नाही. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या मिस्त्रींनी दम भरला होता, "साहेब, वाळू मारली की गाडी चकाचक होते आन्‌ मुकीबी होते." म्हणून रंग विरघळवणारे रसायन लावून, पातळ पात्याने, थर थर काढत गेलो. वरून खाली: चांदी रंग, त्याखाली लाल, त्याखाली काळा, त्याखाली पुन्हा काळा, मग मळकट हिरवा, आणि सर्वांत तळाशी तपकिरी. चॉकलेटसारखा. लष्करी गाडी तपकिरी कशी, असे मला वाटले. नंतर वाचनात आले की युद्धाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये हिरव्या रंगद्रव्याचा तुटवडा पडला, तेव्हा १९४२च्या आसपास लष्कराने काही काळ तपकिरी रंग वापरला आणि १९४४ पासून पुन्हा हिरव्याकडे वळले. म्हणजे फ्रेम त्या तपकिरी काळातली.

पाय ठेवायच्या फुटरेस्टना रबर नव्हते, नुसते लोखंड. आधी वाटले रबर झिजून पडले असेल. पण रबर ज्यावर चढवायचे ती गुळगुळीत दांडीच तिथे नव्हती. पाय घसरू नये म्हणून लोखंडालाच खाचा पाडलेल्या. हेही कारखान्यातूनच आलेले. १९४२च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतला, १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले आणि ब्रिटनचा रबराचा मुख्य पुरवठा तुटला. मग मोटरसायकलींच्या मुठी कॅनव्हासच्या झाल्या आणि फुटरेस्ट लोखंडाचे. मलायातला पराभव असा माझ्या गाडीच्या पायाशी नोंदलेला आहे.

टाकीची गोष्ट वेगळी. तिच्या वरच्या अंगाला एक खोबण आहे. धुळीच्या प्रदेशांसाठी युद्धाच्या उत्तरार्धात टाकीवर मोठा एअर फिल्टर बसवू लागले, त्याच्यासाठीची ती जागा. टाकीवर तपकिरी थर मुळीच सापडला नाही, तळाशी थेट हिरवा. म्हणजे टाकी फ्रेमपेक्षा मागाहूनची, आणि ती बदलली गेली तीही लष्करातच. कारण हिरव्या रंगाच्या वर नागरी आयुष्यातला पहिला काळा रंग टाकी आणि फ्रेम दोन्हींवर एकाच हाताने, एकाच जाडीने बसलेला आहे.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांत 'ओरिजनल' या शब्दाचा मोठा दरारा आहे. कारखान्यातून जशी निघाली तशी ती ओरिजनल, आणि बाकी सगळे भेसळ. पण ही गाडी कारखान्यातून निघाल्यापासून दोन-तीन वर्षांतच लष्कराच्या वर्कशॉपात उघडली गेली होती. लष्कराची पद्धतच तशी असे. इंजिन बिघडलेल्या गाडीला नवे-जुने दुरुस्त केलेले इंजिन लावायचे, तिला परत रवाना करायचे, आणि बिघडलेले इंजिन दुरुस्त करून साठ्यात ठेवायचे. दुसऱ्या गाडीसाठी. कुणाचे कोणते, याची फिकीर नव्हती. लष्कराच्या दृष्टीने गाडीची ओळख टाकीवर रंगवलेला 'सी' अक्षराचा क्रमांक, बस्स.

आता फ्रेम. सगळे रामायण इथेच घडले.

या फ्रेमच्या नळ्या एकमेकींना वेल्ड केलेल्या नसतात. प्रत्येक जोडावर एक जाड पोकळ सांधा असतो, त्याला 'लग' म्हणतात. नळीचे टोक लगमध्ये सारायचे, खिळीने पक्के करायचे, आणि मग तापवून पितळेचा रस फटीत ओढू द्यायचा. हे ब्रेझिंग, आपले जुने कारागीर याला पितळेचा डाग म्हणतात. बरोबर केलेला डाग ऐंशी वर्षे हलत नाही. माझ्या फ्रेमची पुढची उतरती नळी मात्र वरच्या लगच्या खाली दोन बोटांवर कधीतरी तडकली होती. कुणीतरी तिथे लोखंडी पट्टी बाहेरून वेल्ड करून टाकली, वर लांबी भरली, घासली, रंगवली. लांबी निघाली तेव्हा खाली खरबरीत, गाठी-गाठींचा वेल्ड दिसला आणि त्याच्या कडेने केसाएवढी नवी चीर. ब्रेझिंग केलेल्या जोडाजवळ विजेचे वेल्डिंग केले की पितळ वितळून पोलादात शिरते आणि तो भाग ठिसूळ होतो. वेल्डरने बिचाऱ्याने गाडी चालती केली. पण तडा एक बोट खाली सरकवला इतकेच.

नळी तडकली का, याचे उत्तर कागदांत सापडले. आजींकडे जुने आर. सी. बुक होते, वाळवीने कडा खाल्लेले. तिसरे मालक दुधाचा धंदा करणारे. एम-२०च्या फ्रेमला साइडकार जोडण्यासाठी लग मुळातच दिलेले असतात. या मालकांनी त्या डाव्या लगांना एक चाकी गाडा जोडला होता, दुधाच्या कॅनसाठी. आजींना तो आठवत होता. "चार कॅन बसायचे," त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षे डाव्या बाजूला ते ओझे, आणि रस्ते कसे होते ते नाशिककरांना सांगायला नको. डावे खालचे लग आतून अंडाकृती झिजले होते. स्टँड वाकडा नव्हता. गाडीच वाकली होती.

किती वाकली हे मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हते. पुढच्या लगमधून एक सरळ सळई घट्ट बसवली, मागच्या चाकाच्या आसाच्या जागी दुसरी, फ्रेम सपाट फरशीवर टेकवली, दोन्हीकडून दोरा ताणला आणि ओळंबा सोडला. वरून आणि मागून पाहिले की दोन सळयांमधला पीळ उघड्या डोळ्यांना दिसत होता. मिस्त्रींनी एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "दीड सूत." इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणणारी ही शेवटची पिढी. मी पट्टीने मोजले. त्यांचा अंदाज अर्ध्या मिलिमीटरनेही चुकला नव्हता.

यानंतरचा निर्णय सोपा असायला हवा होता. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे एम-२०ची दुसरी फ्रेम होती, सरळ, न तुटलेली. किंमतही झेपण्यासारखी. तो म्हणाला, "तुमचा नंबर तिच्यावर पंच करून देतो. जुन्या पंचचा सेट आहे माझ्याकडे. आणि सर, इंजिनाचा नंबरपण घासून फ्रेमसारखाच टाकून देऊ. मॅचिंग नंबरला भाव आहे." हे तो लपवून बोलत नव्हता. चहा पिता पिता, सेवा म्हणून सांगत होता.

मी फ्रेम घेतली नाही. प्रामाणिकपणाचा आव आणत नाही. खरे कारण असे की मला तोवर आकड्यांची शंका येऊ लागली होती. बीएसएच्या कारखान्यातल्या पाठवणीच्या वह्या ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. ठरावीक शुल्क भरून आकडा कळवला की गाडी केव्हाची ते कळते. मी फ्रेमचा आकडा पाठवला. उत्तर आले, १९४२. तपकिरी रंगाने जे सांगितले तेच. पण इंजिन मग कुठले? नाशिक, नगर, पुणे इथे जिथे जिथे एम-२० दिसली तिथे तिथे मी दोन्ही आकडे वहीत उतरवू लागलो. जुळणारी जोडी सापडेना. एकाही गाडीची नाही. शेवटी दोन सापडल्या, आणि त्या दोन्हींचे इंजिनावरचे आकडे भिंगाखाली पाहिले तर खालचा धातू कानशीने घासलेला, आकड्यांचे वळण निराळे.

म्हणजे जुळणारे आकडे हाच बनावटीचा पुरावा होता.

एकदा हे लक्षात आल्यावर पुढचे वाचन सोपे झाले. बीएसएच्या कारखान्यात इंजिने एका विभागात तयार होत, त्यांच्यावर त्या विभागाचा क्रमांक पडे. फ्रेमा दुसऱ्या विभागात, त्यांचा क्रम वेगळा. जोडणीच्या ठिकाणी जे इंजिन हाताशी येई ते त्या फ्रेममध्ये बसे. दोन आकडे सारखे असावेत अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. युद्धानंतरच्या बीएसए गाड्यांतही साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हीच रीत चालू राहिली. याउलट नॉर्टनच्या लष्करी गाड्या कारखान्यातून निघताना दोन्ही आकडे सारखे घेऊन निघत. मद्रासच्या जुन्या बुलेट अनेकांनी हाताळलेल्या, त्यांच्यावरही सारखे आकडे असत. त्यामुळे आपल्याकडे 'इंजिन-चेसिस जुळले की खरी' हा नियम मेकॅनिकपासून परीक्षकांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला, आणि बीएसएला त्याच मापाने मोजले गेले. मीही मोजले.

माझे इंजिन फ्रेमच्या जन्मापासूनचे आहे की लष्करी वर्कशॉपात बदललेले, हे मात्र या आकड्यांवरून ठरत नाही. दोन्ही शक्य आहे. एवढे नक्की की १९४८ साली नाशकात नोंदणी झाली तेव्हा ते तिथे होते. आर. सी. बुकात इंजिनाच्या रकान्यात हाच आकडा आहे. आणि गंमत म्हणजे चेसिसच्या रकान्यातही हाच आहे! नोंद करणाऱ्या कारकुनाला फ्रेमवरचा आकडा जाड रंगाखाली दिसला नसावा. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून त्याने इंजिनाचाच दोनदा लिहिला. ताळा जुळवण्याची हौस असलेला मी एकटाच नव्हे.

फ्रेमची दुरुस्ती पुण्यात झाली. सायकलींच्या फ्रेमा डाग देऊन बांधणारे एक वयस्कर कारागीर अजून काम करतात, त्यांच्याकडे. ते आधी नाहीच म्हणाले. मग लगवरचा आकडा बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाले, "हा सांधा मी जाळणार नाही. नळी बदलू." दोन बर्नर एकदम लावून लग सावकाश लाल केले, खिळी आधीच बाहेर काढलेली, आणि पितळ ओले झाल्यावर नळी पिरगाळत ओढली. ती निघाली तेव्हा तिच्या टोकावर १९४२चा डाग सोन्यासारखा, सगळीकडे सारखा चढलेला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "बाईमाणसाचं काम असेल," ते म्हणाले, "हात हलका आहे." युद्धकाळात ब्रिटनच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला होत्या, हे मी त्यांना सांगितले नव्हते. अर्थात हा पुरावा नव्हे. पण लिहून ठेवावेसे वाटले.

नवी नळी बिनजोड पोलादाची, त्याच व्यासाची, त्याच जाडीची. लगच्या आत आधाराला एक छोटी नळी. पीळ काढण्यासाठी बाकीची फ्रेम न तापवता, स्क्रू-जॅक लावून, तीन दिवसांत थोडी थोडी आणली. दीड सुताचे पाव सूत राहिले. तिथे थांबलो. त्यापुढे ताण दिला असता तर दुसरे कुठले तरी लग बोलले असते.

गर्डर फोर्कसाठी दोन वर्षे गेली. पुण्याच्या जुन्या बाजारात एक मिळाला, मोठ्या आनंदाने घरी आणला, तर तो नॉर्टनचा निघाला. स्पिंडलमधली अंतरेच निराळी. एम-२०च्या पुष्कळ भागांचे क्रमांक ६६ने सुरू होतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दुसऱ्यांदा शोधला तेव्हा खिशात भागांच्या पुस्तकाची झेरॉक्स होती. स्पिंडल आणि बुश अंबडच्या एका लेथवर करून घेतले. तिथे आट्यांवरून वाद झाला. या गाडीच्या पुष्कळ बोल्टांना इंचाला सव्वीस आटे असतात, सायकलीचा जुना ब्रिटिश आटा. लेथवाल्या तरुणाने मेट्रिकचे जवळचे माप पाडून नट चढवून दाखवला. "बसला ना?" बसला होता, तीन फेरे. चौथ्या फेऱ्याला दोन्हींचे आटे खाल्ले असते. अशा 'बसलेल्या' नटांनी गेल्या सत्तर वर्षांत या गाडीचे जेवढे नुकसान केले तेवढे युद्धानेही केले नसेल.

बुलेटचा फोर्क काढला, पण भंगारात दिला नाही. तो माझ्या माळ्यावर आहे, चिठ्ठी लावून. दुधाच्या गाड्याची झिजलेली लग मी बुश घालून दुरुस्त केली, पण आतला अंडाकृती झिजलेला कडा कानशीने पुसून टाकला नाही. ज्यांना हे गबाळेपण वाटते त्यांना वाटो.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नवे नियम काढले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चेसिस किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. हेतू चांगला आहे. पण हा नियम वाचल्यावर मी आठवडाभर अस्वस्थ होतो. वाड्याचा एक वासा बदलला म्हणजे वाडा बदलला का? फ्रेमची नळी बदलणे हा बदल की दुरुस्ती? आर. सी. बुकात चेसिसचा आकडा ७५ वर्षे चुकीचा लिहिलेला आहे, तो बरोबर करून मागायचा की आहे तसा चालू द्यायचा? मला मदत करणाऱ्या एजंटने सोपा मार्ग सुचवला: बुकात जे आहे तेच फ्रेमवर पंच करा, सगळे जुळते. कागदाशी जुळवण्यासाठी लोखंड बदलायचे! आणि हे करणारे बरेच आहेत. त्यांना दोष देणेही जड जाते. न जुळणाऱ्या आकड्यांची गाडी घेऊन खिडकीसमोर उभे राहण्याचा अनुभव ज्याला आहे त्याला ते कळेल. मी अर्जासोबत चार पानांचे पत्र जोडले आहे. बुकातली चूक, क्लबकडून आलेले उत्तर, बदललेल्या नळीचा फोटो, काढलेल्या नळीचा फोटो. निर्णय अजून आलेला नाही.

गाडी मात्र चालते. पहिल्यांदा सुरू झाली ती अकराव्या किकला, पहाटे, आणि गल्लीतली सगळी कुत्री उठली. ताशी ५० किलोमीटरला ती सर्वांत सुखी असते.

गेल्या मार्गशीर्षात तिच्यावर बसून सिन्नरकडच्या त्या गावी गेलो. मधल्या वर्षांत घराला स्लॅब पडली होती. गृहस्थांनी मला ओळखले. मी जे सांगायला आलो होतो ते ओट्यावर बसायच्या आधीच सांगून टाकले, की मी चुकलो होतो, तुमच्या आजोबांची गाडी खरीच होती, आकडे जुळत नव्हते ते बरोबरच होते. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि खोलीची किल्ली घेऊन आले.

गाडी होती. विकली नव्हती. हिरवा रंग, नवा, तकतकीत. टाकीवर तीन रायफलींचे स्टिकर. मी डाव्या बाजूला खाली वाकलो. सिलिंडरच्या बुडाशी इंजिनाचा आकडा होता, फ्रेमच्या आकड्याशी अगदी तंतोतंत जुळणारा, आणि त्याच्या खालचा धातू कानशीने सपाट केलेला.

"तुम्ही म्हणाला होता ना सर, जुळत नाही म्हणून," ते म्हणाले. "मग पुण्याहून करून घेतलं. साडेतीन हजार घेतले त्यानं."

मी विचारले, जुना आकडा कुठे लिहून ठेवला आहे का. त्यांना आठवेना. आजोबांच्या पेटीत बघतो म्हणाले. त्यांच्या सुनेने चहा आणला. मी त्यांना वहीतले एक पान फाडून दिले, त्यावर माझा पत्ता आणि काय शोधायचे ते लिहून: 'डब्ल्यूएम-२०', आणि त्यापुढे रिकामी जागा.

फाल्गुनात त्यांचा फोन आला. पेटीत १९५३ सालची विम्याची पावती सापडली होती. त्यांनी आकडा एक एक करून वाचून दाखवला आणि मी तो वहीत त्यांच्या गाडीच्या ओळीत लिहून घेतला.